दोन मजले

एकोणिसाव्या पायरीवर हौशीराम थांबले.

"दम लागला?" प्रयागबाईंनी विचारले.

"न्हाई. पोरी उतरत व्हत्या, वाट दिली."

"थांबलात ते थांबलात. परत खालपास्नं."

अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा जिना त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. गावात दुमजली घर एकच, गेणभाऊंचे. आणि गेणभाऊंचे मत पूर्वीच जाहीर झाले होते, की या वयात नवराबायकोची बाज वेगळीच बरी. मताला पुरावा नव्हता. तरीही सहा महिन्यांपूर्वी हौशीरामांना हृदयविकाराचा झटका आला, आणि ते दवाखान्यातून परतताच मुलाने, सूरजने, त्यांची बाज पडवीत मांडली. हेतू काळजीचा होता. बेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच दोघांमध्ये भिंत आली.

गेल्या आठवड्यात मंचरच्या डॉक्टरांना प्रयागबाईंनी सरळ विचारले, "आता समदं पयल्यासारखं चालंल का?" हौशीराम छताच्या पंख्याकडे पाहू लागले. सूरजला वाटले, आई शेतीबद्दल विचारते आहे. डॉक्टरांना तसे वाटले नाही. ते म्हणाले, "दोन मजले न थांबता चढले, दम लागला नाही, छातीत दुखलं नाही, तर खुशाल चालेल." शेताकडचा चढही चालला असता, पण डॉक्टर मजले म्हणाले होते, म्हणून मजलेच.

दुसऱ्या खेपेला हौशीराम न थांबता वर पोहोचले. प्रयागबाईंनी त्यांचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिट मोजले.

"शहाण्णव. दुखतंय कुठं?"

"कुठंच न्हाई. पर सूरजला काय सांगशील?"

प्रयागबाई पदर सावरून जिना उतरू लागल्या.

फाटकावर रखवालदाराने हटकले, "पावणं, नातवाच्या ॲडमिशनला आलाय व्हय?"

"न्हाई भाऊ, ह्यांची परीक्षा व्हती," प्रयागबाई म्हणाल्या. "पास झालं."

संध्याकाळी सूरजला सगळा निकाल आकड्यांसह ऐकवण्यात आला. त्याचा चेहरा खुलला. "मंजी आबा उद्यापास्नं शेतात येणार?"

हौशीरामांनी पुन्हा वर पाहिले. पडवीला पंखा नव्हता.

"शेताला तू हायेस," प्रयागबाई म्हणाल्या. "ह्यांची बाज माझ्या खोलीत घे. आन दाराची आतली कडी गंजलीया, तिला जरा तेल सोड."