कृष्णविवराची फ्रेम

माणसाने विश्वाचं सर्वांत गूढ रहस्य अखेर पाहिलं, असं म्हणत शास्त्रज्ञ भाच्याने फोटो काउंटरवर ठेवला. फ्रेमवाल्या मामांनी चष्मा पुसला. “हललाय.” “मामा, हे महाकाय कृष्णविवर आहे! अब्जावधी सूर्यांच्या वजनाचं.” “वजन कोणी केलं?” “गणिताने कळतं.” “आणि फोटो?” “जगभरच्या दुर्बिणींनी काढला, संगणकांनी जुळवला.” “एवढ्या जणांत एकाने तरी फोकस बघायचा!” भाच्याने कपाळावर हात मारला. “अहो, त्यातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही!” “मग हे पिवळं काय उजळलंय?” तासाभराने त्याने हात टेकले. “तुम्ही फक्त फ्रेम करा.” मामांनी केली, पण मागे दुकानाचा शिक्का मारला नाही. भाच्याच्या संस्थेत फोटोचं अनावरण झालं. वीस शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या. मागून मामा ओरडले, “अरे, उलटा लावलाय! दाट पिवळं खाली होतं!” भाच्याने लॅपटॉप उघडून मूळ फोटो पाहिला. भिंतीवरचा फोटो उलटाच होता.