पहिला ठोका

मदतीला धरून आणलेल्या शेजारच्या बेकरीवाल्यानं लोहाराचा घण डोक्यावर उचलला आणि दणकन घातला. पांढऱ्याफटक तापलेल्या कडीची दोन तोंडं जुळायची सोडून सटकली. भांडलेल्या जावांसारखी दोन दिशांना बघत राहिली.

"तिसऱ्यांदा!" लोहार ओरडला. "अरे, कणीक तिंबतोयस का?"

"कणीक बरी हो. ती ऐकते तरी."

दारात नावाडी ताटकळत उभा होता. त्याच्या नावेची साखळी काल तुटली होती. नाव एका जुन्या दोरावर होती आणि नदीला पाणी चढत होतं.

उंबऱ्यावर लोहारीण वाटाणे सोलत बसली होती. तीस वर्षं या भट्टीचा घण तिच्या हातात होता. तीन दिवसांपूर्वी गिऱ्हाइकांसमोर लोहार बोलून गेला, "जोडतो मी. घण काय, कुणीही मारेल." तेव्हापासून तिनं घणाला हात लावला नव्हता आणि तिची वाचा बंद.

लोहारानं कडी पुन्हा निखाऱ्यात खुपसली. हातोडी उचलून नुसत्या ऐरणीवर दोनदा वाजवली. टिण, टिण. म्हणजे, ये. इतकी वर्षं तो तिला असंच बोलावत आला होता.

"ऐरणीला तोंड फुटलं," ती वाटाण्यांना म्हणाली. "माणसाला कधी फुटायचं?"

लोहार भात्याकडे बघू लागला.

"वहिनी," नावाडी कळवळला, "भांडण तुमचं आणि बुडायची माझी नाव!"

तिला हसू आलं. तिनं बाह्या सारल्या, घण घेतला.

कडी बाहेर आली, ठिणग्यांची फुलं उधळत. तिनं घण जेमतेम वीतभर उचलला आणि टेकवला, निजल्या बाळाला थोपटावं तसा. दुसरा जरा वरून. तिसरा खांद्यावरून. मग दणादण. टिण-दण, टिण-दण, हातोडी विचारी नि घण सांगे. दोन तोंडांचं एक झालं, कुठं जुळलं ते शोधून सापडेना.

"पहिला एवढा हळू?" बेकरीवाल्यानं घाम पुसला.

"हलकाच लागतो. आधी नुसतं चिकटू द्यायचं. आल्या आल्या जोर केला की घसरतं."

नावाडी साखळी खांद्यावर टाकून पळाला. बेकरीवालाही पावाच्या काळजीनं गेला. ती पुन्हा वाटाण्यांपाशी बसली. आता दोघंच.

लोहारानं घसा खाकरला आणि सगळं बळ एकवटून सुरू झाला, "हे बघ, त्या दिवशी मी गाढवासारखा बोललो, तुझ्यावाचून या भट्टीत नुसती राख आहे, माझ्यासारखा मूर्ख साऱ्या जगात..."

"अंहं." तिनं हात वर केला. "घसरेल."

तो हातातली हातोडी उलटसुलट करत राहिला. मग अगदी हळू म्हणाला,

"चहा ठेवू?"

ती उंबऱ्यावर जराशी सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

"चिकटलं," ती म्हणाली. "आता घाला घण."