चाकाखालचा दगड

समुद्रकाठच्या उतारावर कॅम्परव्हॅन थांबली की तो उतरायच्या आत बायको खाली उडी मारून पुढच्या चाकाखाली दगड सारायची. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला हे झोंबणारच. आज कड्याच्या टोकाशी त्याचं डोकं फिरलं. “अगं, मग हँडब्रेक कशाला असतो?” म्हणत त्याने दोन लाथा हाणून दगड उडवला. गाडी हलली. आधी त्याला भास वाटला. मग हातात धरलेलं उघडं दार निसटून गाडीसकट समुद्राकडे निघालं. तो धडपडत आत चढला, ब्रेकवर उभाच राहिला. हँडब्रेक खालीच होता. ओढल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. बायकोने दगड शोधून पुन्हा चाकाखाली सारला. “हे कधीपासून?” त्याने खिडकीतून विचारलं. “ब्रेक ओढायचं विसरायला लागलात तेव्हापासून. घरी अंगणातसुद्धा मी दगड ठेवायचे,” ती हात झटकत म्हणाली. “समुद्र पुढच्या वर्षी बघू म्हणत होतात ना? म्हणून तर मी यंदाच निघायचा हट्ट धरला.”