सुट्टीचा चहा

एक मे रोजी, कामगार दिनामुळे, अंबरनाथची केमिकल कंपनी बंद होती. तिथे कामाला असलेला बाळाजी सकाळीच बायकोला म्हणाला, "हेमा, मला सुट्टी तर तुलाही सुट्टी. इतकी वर्षं पहाटे उठून माझा डबा करतेस. आज चहा मी करतो, तू बस निवांत."

हेमा गॅलरीत जाऊन बसली. चिखलोलीच्या या घरात आल्यापासून सकाळी अशी ती कधी बसलीच नव्हती. तिला भरून आलं.

तेवढ्यात तिला उग्र वास आला. ती धावत आत गेली. गॅसचं बटण फिरवून ठेवून बाळाजी लायटर शोधत होता. नेमका तो त्याच्या हाताला लागला.

हेमाने त्याचा हात धरला, बटण बंद केलं, खिडकी उघडली.

"अहो, घरभर गॅस पसरलाय. वास नाही आला तुम्हाला?"

बाळाजीने दोनदा खोल श्वास घेतला.

"नाही गं. मला कसलाच वास येत नाहीये."

 

उद्या त्याची ड्युटी होती, आणि टाकीतून गॅस गळतोय हे वासावरून ओळखून सगळ्यांना बाहेर काढायचं काम प्लांटमध्ये त्याच्याकडेच होतं.