डावी कंबर

"आमच्या पोरीला संघातून काढायचं ठरवूनच आलात तुम्ही, साहेब," बौद्धवाड्यातल्या धुरपताबाईनं प्रशिक्षकाला तोंडावरच सुनावलं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्याच्या धावण्याच्या पहिल्याच संघात तिची पंचशीला होती, आणि ऐन वेळी तिचा गुडघा धरला होता. हा साहेब मात्र औषध नाही की मालिश नाही, पोरीला शाळेच्या मैदानावर नुसता चालवून बघत होता. खुर्चीत बसलेले सरपंच व्यंकटराव "आपल्या गावची पोरगी" म्हणून मिरवत होते.

"मूळ गुडघ्यात नाही," साहेब म्हणाला. "ती डावीकडं कलून पळते. घागर डाव्या कमरेवर घेते का?"

"हाव. दुष्काळाचं नदीतल्या झऱ्यावरून आणावं लागतंय. दोन कोस हाय."

"ते थांबलं की दुखणं थांबेल. पण इतक्या लांब कशाला? शाळेमागचा हापसा चालू आहे. मी आत्ताच पाणी प्यालो."

धुरपताबाईचा साहेबावरचा संशय तिथंच फिटला. ती खुर्चीकडं वळली. व्यंकटराव दुसरीकडंच बघत होते.

"सांगा की सरपंच, आमची घागर त्या हापशाखाली का लागत न्हाई? साहेब इचारायलेत."