पिवळी होडी

"पिवळी... होडी... हळूहळू... दूर गेली," बाईंनी वाक्य सांगितलं आणि खडूने टेबलावर एकदा टक् केलं. टक् म्हणजे पूर्णविराम. दुसरीच्या वर्गातल्या एकतीस पेन्सिली एकदम टेकल्या आणि उचलल्या गेल्या.

मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. पोटं भरलेली, पडदे ओढलेले, आणि वर पंखासुद्धा पेंगत फिरत होता. अशा वेळी पोरांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. बाईंना मात्र हाच तास आवडायचा. 'पि' म्हणताना त्या आवाज झटकन तोडायच्या, 'ळी' म्हणताना सोडून द्यायच्या. 'दूर' तर एवढा लांबवायच्या की मागच्या बाकावरची पोरं माना उंच करून बघायची, होडी कुठवर पोचली ते. लिहिणं आधी कानात बसतं आणि मग हातात उतरतं, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

आज मात्र या तासावर सगळं अवलंबून होतं. सकाळीच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं होतं. "राग मानू नका. पण परवा तुम्ही रिकाम्या वर्गात हजेरी घेत होता. काल माझंच नाव तुम्हाला आठवेना. आज श्रुतलेखन घ्या, नेहमीसारखी दहा वाक्यं. तास संपता संपता मी येऊन वह्या बघेन. सगळं नीट असलं तर वर्ग तुमचाच. नाहीतर सोमवारपासून नव्या बाईंना देते, तुम्ही ऑफिसात बसा."

ऑफिसात बसून काय करायचं? तिथली कपाटं काही हात वर करून 'मी सांगू, मी सांगू' म्हणणार नव्हती. वर्ग गेला की आपलं सगळंच गेलं, हे बाईंना पक्कं माहीत होतं. म्हणून त्या जपून सांगत होत्या. एक वाक्य झालं की फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ. चूक व्हायला जागाच ठेवली नव्हती.

"आता पुढचं हं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी क्षणभर डोळे मिटले. छान चित्र दिसलं. सकाळचं तळं, काठावर कुणीही नाही. "पिवळी... होडी... हळूहळू... दूर गेली." टक्. दुसरी रेघ.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारायची, म्हणून बाईंनी तिचं नाव प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. ती बाईंकडे बघत राहिली. विचारलं काहीच नाही. शेजारच्या मुलाने छताकडे पाहत पेन्सिल चावली आणि मग लिहायला सुरुवात केली. एकेक करत सगळ्या माना खाली गेल्या. वर्गात नुसती कागदावरची कुरकुर ऐकू येत होती.

रेघा वाढत गेल्या. होडी पुन्हा पुन्हा निघत होती आणि बाईंना दर वेळी ती पहिल्यांदाच दिसत होती. दहावी रेघ ओढली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

मोठ्या बाई आल्या. टेबलापाशी उभ्या राहूनच त्यांनी गोळा केलेल्या वह्यांतली एक उघडली, मग दुसरी, मग भराभर पाच-सहा. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"अहो, हे काय?" मोठ्या बाई हसायलाच लागल्या. "'माझा दात पडला पण मी रडले नाही.' 'बाबा कामावरून आले की आधी बूट काढतात, मग हसतात.' पहिलं वाक्य तुमचं आणि पुढची नऊ ज्याची त्याची! दुसरीची पोरं मनाची वाक्यं लिहितात आणि एकाचाही पूर्णविराम चुकत नाही? मीच वेडी. वर्ग तुमचाच, बाई." खांद्यावर हात ठेवून त्या निघून गेल्या.

बाईंनी वरची वही घेतली. होडीचं वाक्य एकदाच होतं. त्यांनी दुसरी वही पाहिली, तिसरी पाहिली, मग फळ्यावरच्या दहा रेघा पाहिल्या.

त्या प्रश्नचिन्हापाशी जाऊन खाली वाकल्या. "खरं सांग हं. मी आज किती वाक्यं सांगितली?"

"एकच, बाई. दहा वेळा," ती हळूच म्हणाली. "म्हणून पुढची आम्ही आमची लिहिली."

"आजच ना गं?"

"नाही. आपण सगळे स्वेटर घालून यायचो ना, तेव्हापासून. पण आम्ही कुणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही."

बाईंना भडभडून आलं. इतके महिने वह्या तपासताना त्यांना वाटायचं, आपणच सांगितलं असेल मनाचं लिहायला. सात-सात वर्षांची पोरं, ज्यांच्या पोटात चॉकलेटचं गुपित टिकत नाही, ती एवढं मोठं गुपित दप्तरात घालून रोज घरी नेत होती आणि परत आणत होती. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या उठल्या.

मोठ्या बाई अजून व्हरांड्यातच होत्या. त्यांना गाठून बाईंनी सगळं सांगितलं, एकही शब्द न विसरता.

"सोमवारी नव्या बाईंना पाठवा," त्या शेवटी म्हणाल्या. "फक्त त्यांना एवढं सांगा, एक वाक्य द्यायचं आणि थांबायचं. पुढचं मुलांना येतं."