पहिल्या सशाची शेवटची कुपी

"स्वतःच्या हाताला यश नाही, आणि नावं माझ्या अँटिबॉडीला ठेवतेस?" सरांनी तिची वही टेबलावर आपटली.

ती गप्प राहिली. प्रयोगशाळेत तिला सगळे मौनी म्हणत, ते उगाच नाही. पण परवाच्या बैठकीत या मौनीने चारचौघांत तोंड उघडलं होतं. "सर, ही अँटिबॉडी ती खूण ओळखतच नाही. कशालाही चिकटते."

तेव्हा सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती. हिस्टोन म्हणजे पेशीतली प्रथिनांची रिळं; डीएनए त्यांच्यावर दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. आजारी पेशींतल्या एका रिळावर बारीकशी खूण असते, असं सरांनी दाखवलं होतं. ती दिसायची सशात तयार केलेल्या त्यांच्या अँटिबॉडीमुळे, एका काळ्या पट्टीच्या रूपात. बारा वर्षांचं काम, मानमरातब, दारावरची पाटी, सगळं त्या पट्टीवर उभं होतं. आणि ही कालची पोर शंका काढते!

"हे बघ तुझे कागद. पट्ट्याच पट्ट्या, नुसता चिखल! धुवायचा कंटाळा करतेस. आज मी स्वतः करून दाखवतो. पट्टी स्वच्छ उमटली, की तू सामान आवरायचं."

"चालेल, सर."

त्या 'चालेल'ने सर आणखीच भडकले. त्यांनी फ्रीझरमधून कुपी काढली. पहिल्या सशाची शेवटची कुपी. ससा केव्हाच गेला होता, पण कुपीचं सील त्यांनी इतकी वर्षं कोणाला तोडू दिलं नव्हतं. गोठलेली कुपी वितळावी म्हणून त्यांनी ती सवयीने एप्रनच्या खिशात, पेनाशेजारी टाकली.

पेशींतली प्रथिनं कागदावर उतरवून झाली होती. सरांनी डबीत कागद ठेवला, कोऱ्या जागी काही चिकटू नये म्हणून त्यावर दूध-पावडरचं पाणी ओतलं. हात चालू होते, तोंड त्याहून जोरात चालू होतं.

"पहिली अँटिबॉडी खुणेला धरते. दुसरी पहिलीला धरते आणि पट्टी उमटवते. पहिली नसेल तर दुसरी धरणार कोणाला? एवढं साधं आहे, आणि तुला तेही जमत नाही!"

"सर, ती पहिली..."

"मध्ये बोलू नकोस!" त्यांनी झाकण दाबलं आणि आतलं पाणी खेळत राहावं म्हणून डबी हलत्या टेबलावर ठेवली.

दोन तासांनी त्यांनी कागद धुतला, मग दुसरी अँटिबॉडी घातली.

"सर, एक सांगू?"

"काही सांगू नकोस. एकदा तोंड उघडलंस तेवढं पुरे झालं. मी काय करतो ते फक्त लिहून ठेव."

तिने मान डोलावली आणि वहीत वेळ टाकून लिहीत राहिली.

शेवटी कागद यंत्रात गेला. पडदा उजळला. निरोगी पेशींची रांग कोरी होती. आजारी पेशींच्या रांगेत एकच पट्टी, काळी कुळकुळीत. आजूबाजूला डाग म्हणून नाही. बारा वर्षांत इतकी स्वच्छ पट्टी सरांनाही कधी मिळाली नव्हती.

"या रे सगळे, बघा!" सरांचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला. मुलं जमली. "ही माझी अँटिबॉडी! कशालाही चिकटते म्हणे! आता बोल ना! आता का दातखीळ बसली?"

मौनी पट्टीकडे बघत होती. "मला काही बोलायचं नाही, सर. वहीत आहे सगळं."

"वही ठेव तुझ्याजवळ आणि घरी जा."

तिला प्रयोगशाळेतून काढल्याचं पत्र सकाळपासून टेबलावर तयार होतं. फक्त सही राहिली होती. सरांनी ते पुढे ओढलं, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि पेन काढायला एप्रनच्या खिशात हात घातला.

हाताला आधी कुपी लागली. कोमट झालेली, भरलेली, आणि सील जसंच्या तसं.